एक उघडझाप

प्रिय पिंट्या,

अनेक आशीर्वाद. साहेब झालास तरी पत्रात मी पिंट्याच लिहिणार, ऑफिसात कुणाला दाखवू नकोस म्हणजे झालं.

काल तुझ्या कंपनीची माणसं आपल्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर बघून गेली. म्हणाली, आजी, कागदावर याची किंमत कधीच शून्य झाली, आता साहेबांची सही आली की हा भंगारात. साहेब म्हणजे तूच, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी हिशेब ठेवणारी बाई, जुन्या वस्तूची किंमत दरसाल उतरवतात हे मला कळतं. पण माझी कढई तुझ्याहून वयाने मोठी आहे, तिची मी कधी उतरवली नाही. तरी देवासमोर खोटं कशाला बोलू, तो थकलाय रे. तेल गळतं, तारा लोंबतात, जरा वारा सुटला की लाइट डोळे मिचकावते. शेजारच्या काकूंचं श्वासाचं मशीन तिच्यावरच चालतं. बदलायलाच हवा.

बाबांची खूण आठवते तुला? लाइनमन माणूस, लाइट गेली की भरल्या ताटावरून उठायचे. दुरुस्ती झाली की खांबावरून उतरून लाइट चालू करायचे, एकदा बंद करायचे, मग पुन्हा चालू. उतरलो, चहा टाक, असा माझ्यासाठी निरोप. गल्ली वैतागायची. काकू खिडकीतून ओरडायच्या, ‘‘आले गं तुझे हिरो जमिनीवर!’’ मी लाजून चूर. पण ती उघडझाप होईपर्यंत मी देवापुढून हलायची नाही.

ते गेले, तरी अजून लाइट मिचकली की माझा हात चहाच्या पातेल्याकडे जातो. परवा दोन कप ओतले. दुसराही मीच प्यायले, टाकून कशाला द्यायचा?

नवा बसला की लाइट म्हणे मिचकणारच नाही. चांगलंच आहे. सही लगेच कर. फक्त जोडणीच्या दिवशी तू स्वतः ये. चालू कर, एकदा बंद कर, मग पुन्हा चालू. काकूंना विचारून ठेवलंय, त्यांच्या मशीनला तेवढ्यापुरती बॅटरी आहे, आणि ओरडायला त्या खिडकीशीच बसणार आहेत. मी देवापुढे असेन. मग उठून चहा टाकीन, दोन कप. या वेळी दुसरा मला प्यायला लावू नकोस.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई