टेबल हलतं

५ जानेवारी, सोमवार
ऑफिसचं टेबल हलतं. आज खात्री झाली. कॉम्प्युटरवर जिन्याची कड काढायला गेलो, तर पडद्यावरचा बाण पायरीच्या आजूबाजूला थरथरत बसला. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. फरक शून्य. याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काटकोन बसतो. (इतका ताठ बसतो की दुसरं नाव शोभलंच नसतं.) त्याचा बाण सुतासारखा सरळ. म्हणजे टेबल फक्त माझ्या बाजूला हलतं. काटकोन म्हणाला, मला तर काही हलताना दिसत नाही बुवा. स्वतःच्या कीबोर्डापलीकडे या माणसाने कधी पाहिलंय?

वीस वर्षं या ऑफिसात इमारतींचे जिने काढतोय. गोल जिना तर माझाच. कागदाच्या काळात मी हात न टेकता, पेन न उचलता, एका रेघेत गोल जिना काढायचो आणि साहेब पाहुण्यांना बोलावून दाखवायचे. या हातावर घर चाललंय. फर्निचरपायी त्याची बदनामी होऊ देणार नाही.

संकल्प: टेबलच नको. हातात धरून हवेत फिरवायचा माऊस स्वतः बनवायचा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यापेक्षा एकदा हात डॉक्टरांना दाखवा. टेबल हलतं म्हणून डॉक्टरकडे जाणारा मी जगातला पहिलाच ठरेन.

८ जानेवारी
नाव ठरलं: अधांतर. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सेन्सर आणला. हाताची हालचाल ओळखतो म्हणे, अगदी बारीकशीसुद्धा. वरचं कवच घरातल्या जुन्या टॉर्चचं. टॉर्चचं बटण तेच क्लिक. डोकं चालतंय! दुकानदाराने विचारलं, मुलाच्या शाळेसाठी का? मी पैसे मोजून दिले. शोध लावणाऱ्याला सुरुवातीला असले प्रश्न गिळावे लागतात.

११ जानेवारी, रविवार
सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या कथलाने वायरींना टाके देणं. वायर जागेवर बसेना. आयर्न फार हलकं बनवतात हल्ली, वाऱ्यानेसुद्धा हलतं. (खिडकी बंद होती, पण वारा काय सांगून येतो?) बायको स्वयंपाकघरातून धावत आली, काय जळतंय काय जळतंय करत. टेबलक्लॉथला भोक. मला वास अजिबात आला नाही. सोल्डर उंची दिसतंय.

शेवटी टाके मुलीने दिले. पटापट. हात माझ्यावर गेलाय तिचा.

१६ जानेवारी, संध्याकाळी
पहिली चाचणी. यशस्वी. म्हणजे बाण हलला. जरा जास्तच हलला, माशी शिरल्यासारखा पडदाभर. कारण सापडलं: फ्रिज. मोटर चालू झाली की सेन्सरला त्रास होतो. फ्रिज बंद केला.

१७ जानेवारी
फ्रिज चालू करायचा राहिला. दूध नासलं. त्याचाच चहा मी करून सगळ्यांना दिला. मुलीने बेसिनमध्ये थुंकला. सासूबाईंनी कप नुसता नाकाजवळ नेला आणि ठेवून दिला. मी पूर्ण प्यायलो. ठीक होता की! बायको माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

फ्रिज बंद असतानाही बाण थरथरतच होता, ही नोंद केवळ प्रामाणिकपणापोटी.

२१ जानेवारी
आज घरातल्या सगळ्यांना अधांतर धरायला दिलं. वापरणाऱ्यांचं मत घ्यावं लागतं. मुलगी: बाण स्थिर. बायको: स्थिर. सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, भाजीची टोपली सोडून आल्या, टॉर्च धरावा तसं धरलं: बाण पहारेकऱ्यासारखा उभा. वर म्हणाल्या, छान झालंय हो जावईबापू. मग पडद्यावर पत्त्यांचा खेळ उघडून दोन डाव जिंकल्या.

माझ्या हातात: माशी.

अनुमान: माझ्या अंगात वीज जास्त आहे. उद्यापासून रबरी चप्पल.

२२ जानेवारी
रबरी चप्पल. माशी.

२३ जानेवारी
मोठा शोध! डाव्या हातात धरलं तर बाण स्थिर. चुकून डावखुऱ्यांसाठीचं यंत्र बनलंय. मुलीला टाके उलटे दिलेस का विचारलं. ती म्हणाली, बाबा, टाके उलटे नसतात. मग तिने माझा उजवा हात मनगटापाशी धरला आणि सोडेचना. मी म्हटलं, सोड, कामं आहेत. ती म्हणाली, मी नुसता धरलाय, हलवताय तुम्हीच. तरुण मुलांना निरीक्षणाची सवय नसते.

१ फेब्रुवारी, रविवार
बायकोबरोबर फिरायला गेलो. परतताना म्हणाली, चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, नुसता लटकतो. म्हणजे बघा! टेबलापाशी हलतो म्हणून बोलणी खायची, रस्त्यावर हलत नाही म्हणूनही खायची. या हाताने करावं तरी काय?

तिने डॉक्टरांचा नंबर मिळवलाय. नसांचे डॉक्टर. मी म्हटलं, ऑफिसमधलं प्रात्यक्षिक होऊ दे, मग बघू.

ता. क. हे पेन कंजूस आहे. अक्षर बारीक येतंय.

५ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं. मोठे ग्राहक सोमवारी येताहेत, त्यांना सहा मजली इमारतीचा नकाशा पडद्यावर दाखवायचाय. गोल जिना माझा, तेव्हा मीच दाखवणार, उभं राहून, हवेतून, टेबलाला बोटही न लावता. साहेब जरा घुटमळले. म्हणाले, काटकोनला बरोबर घे. कशाला? दोघांत एकच टॉर्च आहे.

जेवताना मस्त मूड होता. काटकोनची नक्कल केली, स्वतःच हसलो. मुलगी म्हणाली, बाबा, रागावलात का? हसत होतो मी! नंतर आरशात हसून पाहिलं. ओठ हलले, बाकी चेहरा गप्पच. आरशापुढचा बल्ब कमी पॉवरचा आहे. बदलायला हवा.

९ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी
प्रात्यक्षिक झालं.

सगळे खुर्च्यांवर. मी उभा. बाण तळमजल्याच्या जिन्यापाशी न्यायचा होता, तो गच्चीवर गेला. परत आणला तर पायऱ्यांवरून थडथडत खाली उतरला. ग्राहकीणबाई म्हणाल्या, जरा थांबता का, मला गरगरतंय. मी हात घट्ट आवळला. आवळला की जास्तच. त्यात बटण दाबलं गेलं, मग पुन्हा, मग पुन्हा. तिसऱ्या मजल्याचा गोल जिना निवडला गेला आणि पुसला गेला. पडद्यावर नुसतं भोक. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना आता वर जायला वाट नाही, खाली यायलाही नाही.

कोणी हसलं नाही. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होतो.

काटकोन उठला, साध्या माऊसने जिना परत आणला आणि पुढचं त्यानेच दाखवलं. माझ्याच टेबलावरून. माझ्याच बाजूने. माझ्याच खुर्चीत.

टेबल तेव्हा हललं नाही.

१० फेब्रुवारी
साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, थोडे दिवस सुट्टी घे, कोणाला तरी दाखव, जागा कुठे जात नाही. अर्थ उघड आहे: संशोधनासाठी पगारी सुट्टी. बाहेर आलो तर काटकोनने माझा डबा, छत्री, चष्मा, सगळं पिशवीत भरून ठेवलेलं. गेटपर्यंत पिशवी त्यानेच धरली. दुष्ट वागला असता तर सोपं गेलं असतं.

१३ फेब्रुवारी
शेवटची चाचणी. अधांतर चालू केलं आणि जेवणाच्या टेबलावर, भोकाच्या शेजारी, नुसतं ठेवून दिलं. हात लावला नाही. समोर खुर्चीत बसलो. बाण मध्यभागी उभा. फ्रिज सुरू झाला. बाण उभा. वर कोणी तरी कपाट सरकवलं, बाण तसाच.

माझा हात मांडीवर होता. विजारीचं कापड हलत होतं. त्यावर दुसरा हात ठेवला.

बायकोला म्हटलं, लाव फोन.

२४ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे जाऊन आलो.

आधी पॅसेजमध्ये चालायला लावलं. मग अंगठ्याला बोट टेकवा, सोडा, टेकवा, सोडा. मग डोळे मिटून बाटलीचा वास. मी म्हटलं, रिकामी आहे. बायकोने मान खाली घातली. नंतर सांगितलं की कॉफी होती.

मग कोरा कागद पुढे आला. मधून सुरू करून बाहेर गोल गोल रेघ काढा म्हणाले, हात न टेकता. हायसं वाटलं. मी म्हटलं, अहो, हाच तर माझा धंदा! वीस वर्षं गोल जिनेच काढतोय. बायकोला म्हटलं, बघच आता.

काढला. असल्या जिन्यावरून मी कोणाला चढू दिलं नसतं.

म्हणालो, डॉक्टर, तुमचं टेबल हलतं.

डॉक्टर हसले नाहीत. उठले, गुडघ्यांवर बसले, एकेक करून टेबलाचे चारही पाय हलवून पाहिले. उभे राहून दोन्ही हातांनी वरून भार दिला. भला माणूस. मी इतके दिवस पुठ्ठे सारले, हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. बायकोने माझी बाही घट्ट धरली होती. मला भीती वाटत होती, आणि ते हललं तर किती बरं होईल, एवढंच मनात होतं.

गुडघे झटकून डॉक्टर खुर्चीत बसले आणि शांतपणे बोलायला लागले. बराच वेळ बोलले.

घरी आलो. दारातच सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?

म्हटलं, टेबल ठीक आहे म्हणाले.