पाठ विसरले

प्रिय दादा,

पाठीबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं तू बजावलंयस. पण आज राहवत नाहीये!

मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई माझे रिपोर्ट बघून खुशीत म्हणाल्या, "इंजेक्शनांनी मणक्यांची सूज गेली. आजार शांत झालाय."

मी म्हटलं, "तो झाला असेल, मी नाही. सकाळी मोजे घालताना अजून देव आठवतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमच्या मते शांत म्हणजे काय?"

"पाठ आहे, हेच विसरायला झालं पाहिजे."

आणि आज विसरले रे! उठले, मोजे-बूट चढवले, सलून उघडलं, एका आजींचे केस धुऊन कापायलाही घेतले. त्या म्हणाल्या, "आज चक्क गुणगुणतेयस की!" तेव्हा कुठे पाठ आठवली. हातात कात्री तशीच, आणि मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या हसायलाच लागल्या. "चला, झालं आपलं एकमत! पण इंजेक्शन बंद करायचं नाही हं. आणि भावाचं काय?"

दादा, तुझंही दुखणं हेच. पहिल्या गोळ्यांनी गुण आला नाही म्हणून तू उपचारच सोडलेस. वहिनी सांगते, हल्ली तू खुर्चीतच झोपतोस.

हे पत्र तू न वाचताच फाडशील, म्हणून टाकतच नाही. आता मला बसमध्ये तासन्‌तास बसवतं. उद्या स्वतःच येते. दार मात्र तूच उघड. सावकाश ऊठ, मी थांबेन.

तुझी,
ढब्बू