रिकाम्या गाडीचं वजन

४ मार्च
लागली! शेवटी ट्रकवर नोकरी लागली. इतके दिवस उंबरे झिजवले. लायसन्स दाखवेपर्यंत सगळे गोड बोलायचे, 'आत होतो' म्हटलं की चेहरे उतरायचे. त्यात अनुभव काय, तर ओळखीच्याचा टेम्पो थोडे दिवस चालवलेला. आज ठरवूनच गेलो. खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, मारामारीची केस होती, शिक्षा पुरी भोगून आलोय. ट्रान्सपोर्टचे मालक चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस. मग विचारलं, घरी वाट बघणारं कोणी आहे का? एक बहीण, पण तिच्या घरी अजून जाता येत नाही, मी म्हटलं. त्यांनी किल्ली पुढे सरकवली.

ताईला फोन केला तर ती रडायलाच लागली. मेहुण्यांची अट आहे, एका जागी टिकून दाखव, मग आमची पायरी चढ. भाची चालायला लागली म्हणे. मी तिला फोटोतच पाहिलंय.

५ मार्च
गाडी जुनी आहे पण दणकट. नाव ठेवलं म्हातारी. सीट इतकी मागे होती की क्लचला पाय पुरेना. ओढून पुढे घेतली. दिवसभर यार्डात रिव्हर्स शिकलो आणि पाण्याचा पिंप चेपवला. सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते ओरडले, अरे, आरसा मागचं बघायला असतो, भांग पाडायला नाही! सगळे खो खो हसले. मीही. असं कोणी माझ्यासोबत हसून किती दिवस झाले!

८ मार्च
सिमेंटच्या गोण्या उतरवून परत येताना रिकामी गाडी वजनकाट्यावर लावली. काटेवाला खिडकीतून म्हणाला, दोघांपैकी एकाने उतरा. मी एकटाच आहे म्हटलं. तो बाहेर आला, केबिनमध्ये डोकावला, डोकं खाजवत परत गेला. रिकाम्या गाडीचं वजन एका माणसाइतकं जास्त भरत होतं. काल जेवण जरा जास्तच झालं, मी म्हटलं. तो हसला नाही.

११ मार्च
सीट रोज सकाळी पुन्हा मागे गेलेली असते. किल्ली माझ्या खिशात असते. काकांना विचारलं, माझ्या गाडीत कोण बसतं? ते बराच वेळ टायर ठोकत राहिले. मग म्हणाले, ही गाडी आधी उंच्या चालवायचा. तोही तुझ्यासारखाच, आतून आलेला, मागेपुढे कोणी नसलेला. एका दुपारी गाडी यार्डात आली, इंजिन चालू, दारं आतून बंद. आत तो नव्हता. चपला तेवढ्या पेडलखाली. चौकशीला कोणी आलं नाही, म्हणून कोणी केलीही नाही.
आधी का नाही सांगितलंत, मी म्हटलं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर नोकरी सोडली असतीस?

१३ मार्च
नाही सोडली. कुठे जाऊ?
आज उतारावर रस्त्यात एक म्हातारा आडवा आला. मला तो दिसायच्या आत ब्रेक दाबला गेला. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. म्हातारा वाचला. मी घाबरून मोठ्याने म्हणालो, उपकार झाले. बाजूच्या सीटवर कोणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

१६ मार्च
चहावाल्याने दोन ग्लास आणले. तोंड धुऊन आलो तर दुसरा रिकामा होता. कडेवर ओठांचा ओला ठसा.

१८ मार्च
ताई फोनवर फार खुश. म्हणाली, काल तुझ्या मेहुण्यांशी किती छान बोललास, त्यांचा राग गेला, रविवारी जेवायलाच ये.
मी काल फोन केलाच नव्हता.
तिला तसं सांगणार होतो. पण ती इतकी आनंदात— आणि बोलावलं तर मलाच ना? येतो म्हटलं.

१९ मार्च
मुकादमाने हाक मारली. मी ओ दिली. तो माझ्याकडे बघतच नव्हता, ड्रायव्हरच्या बाजूला बघून बोलत होता. आणि तिकडून उत्तर गेलं, माझ्याच आवाजात.
मी बाजूच्या सीटवर होतो. इकडे कधी बसलो? गाडी तर चालू—

२० मार्च
दार उघडत नाही. काचा बडवल्या. काका समोरून गेले. त्यांनी मान वर केली नाही. की केली, आणि—

चहाचा एकच ग्लास. माझा नव्हे.

रविवार
गाडी यार्डात. पलीकडची सीट रिकामी. उंच्या उतरून गेला, माझा चेहरा आणि माझा इस्त्रीचा शर्ट घालून.
फोन मात्र लागला. ताईने विचारलं कोण. मी म्हटलं, मी. ती म्हणाली, चेष्टा पुरे, माझा भाऊ समोर जेवतोय. मागे छोटी खिदळत होती.
आई गेली त्या दुपारी, दाराआड, ताई माझ्या कानात काय म्हणाली होती ते सांगितलं. शब्द न् शब्द. ते आम्हा दोघांशिवाय कोणालाच—

तिने पुन्हा विचारलं, कोण? फोन कानाला धरूनच लिहितोय. दुसरं काय करणार—

ताट सरकल्याचा आवाज. ताई आता कुजबुजतेय, अरे, तो माझ्याकडेच बघतोय. उठलाय. छोटीला कडेवर घेतलंय त्याने. दाराकडे—

ताई, घे तिला! आधी तिला