वांगी रंगाचं इरकल

८ जानेवारी, बुधवार

आत्ती समोरच्या घरी बयाबाईंकडे बसायला गेल्या आणि मी त्यांची ट्रंक उघडली. सुनेनं सासूची ट्रंक उघडू नये असलं काही आमच्यात नाही. स्वेटर, शाली मीच काढते, मीच ठेवते. पण आज पार तळापर्यंत गेले.

संक्रांतीनंतर सांगलीला प्रदर्शन आहे. हळदीकुंकवाचे दिवस, बायका हौसेनं घेतात. आणि माझ्याकडे काय? लोकांनी आणून दिलेल्या जुन्या साड्यांचे कुडते, टॉप, थोडी जॅकेटं. वाईट काहीच नाही. पण जाणारी बाई वळून बघेल असंही काही नाही.

तळाशी पांढऱ्या धोतरात बांधलेलं गाठोडं होतं. सोडलं. आत नऊवारी इरकल – वांगी रंग, लाल काठ, लाल पदर. घडीसुद्धा मोडलेली नाही! पदराच्या कोपऱ्याला हळद लागलेली तेवढी. म्हणजे आहेरातलं. आमच्याकडे आहेराची लुगडी फिरत असतात – या लग्नातलं त्या लग्नात, हळदीचं बोट लावायचं आणि पुढं सरकवायचं. कुणाकडून आलं ते कुणाला आठवत नाही.

आत्तींना विचारलं नाही. विचारलं असतं तर "थांब जरा" म्हणाल्या असत्या. म्हणूनच विचारलं नाही. निदान इथं तरी खरं लिहावं.

९ जानेवारी, गुरुवार

कापलं. पहिली कात्री मारताना हात जरा अडला, मग सुटला. नऊवारात कापड किती निघतं! लांब गाऊन, खाली सगळ्या घेराला काठ, आणि पदराचं बिनबाह्यांचं जॅकेट. हळदीचा कोपरा कापून कातरणात टाकला. डाग कोण घेणार?

सृष्टी कॉलेजातून आली, बघतच राहिली. "मम्मी, कुणाची साडी ही?"

"आजीची."

"आजीला माहितीये?"

"तू व्हिडिओ काढ आधी."

संध्याकाळी आत्ती नेहमीसारख्या कातरणाचं पोतं घेऊन बसल्या. माझ्या कातरणाच्या वाकळा शिवतात त्या. निम्म्या गल्लीच्या अंथरुणात आमच्याच वाकळा आहेत. सुईत दोरा ओवून मागितला. पांढरा दिला तर म्हणाल्या, "ह्यो नगं, जांभळा दे." वय झालं की हौस वाढते म्हणतात ते खोटं नाही. दिला ओवून. गाऊन तोवर मी कपाटात टांगला होता.

१९ जानेवारी, रविवार

गेला! सगळ्यात आधी तोच गेला. साताऱ्याच्या एक बाई, शाळेत शिक्षिका आहेत. अंगाला लावून आरशात बघितलं आणि पिशवीतच घातला, भाव केला नाही.

सृष्टीनं तेवढ्यात माझा व्हिडिओ घेतला. हातात तो गाऊन धरून मी बोलले, "प्रत्येक साडीमागं एक माणूस असतं. ते आम्ही जपतो." कुठून सुचलं कोण जाणे. लोकांना लय आवडलं. बायकांचे फोनवर फोन.

घरी आले तर आत्तींनी भाकरी करून ठेवलेल्या. "दमलीस न्हवं? खा आदी." खाल्लं. अर्धी भाकरी ताटातच राहिली. दमणुकीनं असेल.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज तांदूळ निवडत बसलो होतो. आत्ती एकदम म्हणाल्या, "माया, ऊन चांगलं पडलंय. त्या धोतरातल्या गाठुड्याला जरा ऊन दाखीव. कसर लागंल."

मी म्हटलं, "कसलं गाठोडं, आत्ती?" जशी काही मला माहीतच नाही.

"आगं, कोंडीबानं आणल्यालं लुगडं."

कोंडीबा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. बाई गेली की तिला माहेरचं लुगडं यावं लागतं, ते अंगावर घातल्याशिवाय उचलत नाहीत – हे काय मला माहीत नाही? पण आत्तींच्या माहेरी, म्हसवडकडं, कोंडीबामामा एकटेच उरले होते. मूलबाळ नाही. दुखणं बरं होण्यातलं नाही हे कळलं तेव्हा ते स्वतः यष्टीनं मिरजेला आले आणि लुगडं देऊन गेले. मी तेव्हा सृष्टीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी होते. म्हणून मला पत्ता नाही.

"म्हनला, आक्का, तुझ्या येळंला मी काय नसणार. माझं काम मी आदीच करून ठेवतो." आत्ती तांदळातला खडा शोधत बोलत होत्या. "हळद बी त्येनंच लावली. बोट कडबाकुट्टीत गेल्यालं त्येचं. मग अंगठ्यानंच लावली, दाबून. मेंढरं वळणारा गडी, अंगठा केवढा थोरला!"

मग माझ्याकडे बघत राहिल्या. मी सूप घेऊन उठले. म्हटलं, "उद्या काढते."

कातरणाचं अख्खं पोतं ओतलं. तो कोपरा नाही. झाडलोट करताना गेला असणार. मीच झाडते.

आहेराचं लुगडं धोतरात वेगळं बांधून कोण ठेवतं? हे मला ८ तारखेला कळत नव्हतं? कळत होतं.

२५ जानेवारी, शनिवार

"ट्रंकेवर कापडाचे गठ्ठे हायत आत्ती, उचलत न्हाईत." हे माझं आजचं उत्तर. आत्ती म्हणाल्या, "बरं."

२७ जानेवारी, सोमवार

ह्यांना सांगितलं. औषधाच्या दुकानातून जेवायला घरी आले होते, आत्ती समोर गेल्या होत्या. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ताट पुढं तसंच ठेवून म्हणाले, "मामाला स्टँडवर आणायला मीच गेलतो. पिशवी पोटाशी धरून उतरला. मी म्हनलं द्या मामा, मी घेतो. तर दिली न्हाई."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना आत्तींना."

"कापलंस तू. मी काय सांगू?"

गेले. वरणभात झाकून ठेवला, नंतर म्हशीच्या बादलीत टाकायला दिला.

३० जानेवारी, गुरुवार

साताऱ्याला जाऊन आले. घरी सांगितलं, कापड बघायला जाते. गाऊन परत मागायचा, असं ठरवून गेले. परत आणून त्याचं काय करणार होते, देव जाणे. कापलेलं काही सांधून लुगडं होत नाही. पण घरात बसवत नव्हतं.

मॅडमना वाटलं, मी फोटो घ्यायला आले. केवढा आनंद! चहा केला, गाऊन घालून आल्या. शोभत होता, हेही लिहिते. जॅकेटची उंची त्यांनी कमी करून घेतली होती. म्हणाल्या, "किती जुनी असेल हो ही साडी? कुणाची होती?"

मी म्हटलं, "अशीच. एका आजींची."

"वारल्या का त्या?"

"नाही, नाही. आहेत."

"मग त्यांना दाखवा हा फोटो. किती बरं वाटेल त्यांना!"

माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. बाजारात दोरेवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे वचकून असतात. आज नुसतं "हो, दाखवते" म्हटलं. फोटो काढले, चहाची कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली आणि यष्टीला येऊन बसले. पेठनाक्यापर्यंत रडले. शेजारच्या बाईनं खिडकी उघडून दिली, तिला वाटलं मला गाडी लागते.

३१ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. घरी हळदीकुंकू. बायका व्हिडिओचंच बोलत होत्या. एकीनं माझं वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं – साडीमागं माणूस असतं ते. आत्ती तिळगूळ वाटत होत्या. "व्हय, बोलती ग्वाड आमची माया," म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

मिरजेत, सांगलीत जेवढी दुकानं आहेत तेवढी पालथी घातली. वांगी मिळतो तर काठ वेगळा, काठ मिळतो तर पोत वेगळा. शेवटी आज जतला एका जुन्या दुकानात मिळालं. तोच रंग, तसाच काठ. दुकानदार कानडी वळणाचं मराठी बोलत होता, विचारलं, "कशासाठी पाहिजे ताई, लग्न आहे का?" मी हो म्हटलं.

म्हणजे आता सांगायचं नाही, असं माझं ठरलंय तर. दुकानात पाय ठेवतानाच ठरलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आत्ती समोर गेल्यावर दार लावून घेतलं. लुगड्याची खळ जावी म्हणून काल रात्रीच पाण्यातून काढून आतल्या खोलीत वाळत घातलं होतं. जुन्या लुगड्याची होती तशीच घडी घातली. हळद कालवली आणि अंगठ्यानं लावली. आठवणीनं अंगठ्यानं, दाबून! स्वतःच्या हुशारीचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्याच धोतरात बांधलं आणि गच्चीवर उन्हात नेऊन ठेवलं.

"आत्ती, गाठोडं काढलंय बघा."

जिना चढून आल्या. गुडघे दुखतात तरी आल्या. गाठोडं सोडलं, लुगड्यावरून हात फिरवला. मग पदराचा कोपरा शोधला आणि हळदीवर आपला अंगठा ठेवला. बराच वेळ तसाच. माझा जीव टांगणीला.

म्हणाल्या, "ठेव बांधून."

एवढंच. सुटले बाई.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुटले कसली. आत्ती बोलत नाहीत असं नाही – मीठ दे, पाणी आलं का बघ, सृष्टी जेवली का, सगळं बोलतात. पण वाकळ शिवायला हल्ली घरात बसत नाहीत. ती बयाबाईंच्याच घरी ठेवलीय, तिथंच कट्ट्यावर शिवतात. आज चहाला बोलवायला गेले तर दोघी गप्प झाल्या. आत्तींनी वाकळ गुंडाळून मांडीखाली घेतली.

बयाबाईंना खोकला फार झालाय. एकट्या राहतात, पुतण्या येऊन-जाऊन असतो. माहेर त्यांचं सीमेपलीकडं होतं, आता तिकडं कुणी नाही. मला बघून, आत्तींकडे हात करत म्हणाल्या, "साळूबाईचं बरं हाय. तिचं लुगडं घरात तयार हाय. मला कोण आणणार गं?" आणि हसल्या. चहा निवतोय म्हणाले आणि परत फिरले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एका बाईनं तिच्या आईची पैठणी आणून दिली. "कापा, ड्रेस करा." मी विचारलं, "आईंना विचारलंय का?" ती म्हणाली, आई जाऊन वर्ष झालं. तरी माझ्यानं कात्री लावली नाही. बाईला वाटलं मी भाव वाढवते. घेऊन गेली.

ह्यांनी आज विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "तसलंच दुसरं आणून ठेवलंय, त्यांना कळलं पण नाही." ह्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. आरशात मी स्वतःकडे बघत नाही, ते बरं आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बयाबाई सकाळी गेल्या. गल्लीतल्या बायका जमल्या, अंघोळ घातली. मग एकीनं विचारलं, "म्हायरचं लुगडं?" पुतण्या दारातून म्हणाला, "दुकान उघडलं असंल, आणू काय?"

आत्ती उठल्या आणि घरी आल्या. मी मागोमाग. ट्रंक उघडली, गाठोडं वर काढलं. मला राहवेना. म्हटलं, "आवं आत्ती, त्ये तुमचं हाय. मामांनी तुमच्या येळंसाठी आणल्यालं."

आत्तींनी धोतराची गाठ सोडली, लुगडं काखेत घेतलं आणि धोतर माझ्या हातात दिलं.

"कोंडीबाचं असतं तर दिलं असतं व्हय मी?"

आणि चपला घालून समोर गेल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बयाबाईंच्या घरून आत्तींची वाकळ घेऊन आले. पुरी झालीय. मधोमध हळदीचा कोपरा आहे, त्यावर अंगठा – माझ्या दुप्पट. भोवतीनं टाके जांभळ्या दोऱ्याचे.

तो दोरा मीच सुईत ओवून दिला होता, ज्या दिवशी कापलं त्याच दिवशी.