काळ्या भागाला फक्त साबण

३ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करून ठेवून देतोस, म्हणून पत्राचा घाट घातला. पत्राला हं म्हणता येत नाही.

बातमी अशी की बाबांच्या मासेमारीच्या काठीचं रील सापडलं. धक्क्याच्या टोकाशी गाळ उपसायचं काम चाललंय, तिथला एक कामगार काल ते घेऊन दारात उभा राहिला. नुसता चिखलाचा आणि शिंपल्यांचा गोळा आहे, दीड वीत लांब. त्यातून हँडल तेवढं बाहेर डोकावतंय, आणि त्यावर माझं लाल नेलपॉलिश. बाबांनी खुणेसाठी लावलेलं, आणि मी त्यावरून दोन दिवस अबोला धरलेला. ते पाहिलं आणि मी तो गोळा चिखलासकट पदरात घेतला. बाबा जाऊन सात वर्षं झाली.

आईने तो गोळा बाबांच्या कामाच्या टेबलावर ठेवायला लावला, आणि तेव्हापासून ती तिथेच खुर्ची ओढून बसते. म्हणते, स्वच्छ कर. मी शिवणकाम करणारी बाई, मला फार तर मशीनला तेल घालता येतं. बाबांच्या हाताखाली तू शिकलास. या निमित्ताने तरी ये. तेराव्यालासुद्धा थांबला नाहीस, त्यानंतर उंबरा चढला नाहीस. येणार नसशील तर निदान कसं करायचं ते सविस्तर लिही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कारखान्यात माणसं कमी आहेत, रजा मिळणार नाही. कसं करायचं ते लिहितो, तसंच कर. त्यात स्वतःची अक्कल चालवू नकोस.

गोळा बादलीत कोमट पाण्यात बुडवून ठेव. कढत पाणी नको. रोज पाणी बदल. चिखल आपोआप सुटेल, सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचा नाही, कितीही राग आला तरी. नळाची जोरदार धारही नको, वाळू आत जाते. मग पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून जुन्या मऊ टूथब्रशने हळूहळू घास. साध्या पाण्याने धू आणि सावलीत वाळव.

त्या रीलचा काळा सांगाडा ग्रॅफाइटचा आहे, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. हलकं असतं, खाऱ्या पाण्याने गंजत नाही, पण धातूसारखं दांडगाईने वागवायचं नाही. बाबांचा टेबलावरचा नियम आठवत असेल: लोखंडी भागाला रॉकेल, काळ्या भागाला फक्त साबण. तेव्हा पेट्रोल, थिनर काहीही त्याच्या जवळ नेऊ नकोस. दातेरी चाकं निघाली तर ती वेगळी काढून रॉकेलच्या फडक्याने पूस, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून, आणि गॅसपासून लांब. काळ्याला थिनर लावायचं नाही. स्क्रू परत बसवायची वेळ आलीच तर दोन बोटांनी फिरव आणि अडला की थांब.

आई दिवसभर तिथे बसते हे मला ठीक वाटत नाही. तिला अंगणात बसव.

लोभ आहे तो तसाच असू दे.

तुझा,
खुडबुड्या

१६ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे औषधाच्या बाटलीवरचा कागद झालाय. थिनर नको हे दोनदा लिहिलंस, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून. अरे, मी कशाला थिनर लावते? घरात आहे तरी कुठे?

पाचवं पाणी चाललंय. रोज काळं निघतं आणि रोज एखादा शिंपला सुटून तळाशी बसतो. काम पुढे सरकतंय, पण मला सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्या दिवशी गोळा टेबलावर होता तिथे ओला डाग पडलाय. बादली मोरीत आहे, तरी तो डाग मी सकाळी पुसते आणि दुपारी परत येतो. दुसरं म्हणजे, चारच्या सुमाराला रीलचा आवाज येतो. मासा दोरी ओढायला लागला की बाबांचं रील किर्र करायचं ना, तसा. चार म्हणजे त्यांची टेबलाशी बसायची वेळ. आई म्हणाली तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. काल मीही ऐकला. हातातली कात्री तशीच धरून मी मोरीपर्यंत गेले. गोळा पाण्यात निपचित पडला होता.

आईला भीती वाटत नाही, उलट तिचा चेहरा निवलाय. मला मात्र वाटते, आणि ती मी कुणाला सांगू? तू तिकडे जाऊन बसलास. खरं सांग, तू का येत नाहीस? मी काही बोलले होते का?

राग धरला असशील तर सोड, धाकट्याने एवढं ताणू नये.

तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाग मिठाचा आहे. लाकडात खारं पाणी मुरलं की ते हवेतली ओल ओढत राहतं. आवाजाचं मला सांगता येत नाही. मलाही एक आवाज येतो, म्हणून तुला हसणार नाही.

तू काहीही बोलली नव्हतीस. ऐक.

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते रील मी साफ केलं होतं. त्यांना खूश करायचं होतं. तेव्हा नुकता कारखान्यात लागलो होतो, अंगात रग होती. सगळं सुटं केलं आणि सगळं एकाच डब्यात थिनरमध्ये टाकलं, काळे भागसुद्धा. बाहेर काढले तर त्यांची चकाकी गेलेली. तेल चोळून लपवली. मग रीलचा पाय बसवला. पाय म्हणजे खालची पट्टी, जिच्यावर रील काठीला धरून राहतं. तिचा स्क्रू मी कारखान्यात लोखंड आवळतो तसा आवळला, आणि वर आणखी पाव फेरा दिला. चक् असा आवाज आला. मला कळलं की काहीतरी तडकलं. मी रील पिशवीत ठेवलं आणि जेवायला बसलो. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी उठलो तेव्हा ते मासे धरायला निघून गेले होते.

नंतर धक्क्याच्या दगडांवर काठीचा वरचा तुकडा सापडला, रील नव्हतं. सगळे म्हणाले पाय घसरला. कुणाचा पाय, ते मला ठाऊक होतं. रीलचा तडकलेला पाय निसटला, रील पाण्यात गेलं, ते धरायला बाबा खालच्या शेवाळावर उतरले आणि काठी मोडून पाण्यात पडले. ताई, मी त्यांना मारलं. आईच्या समोर बसून मला घास गिळता आला नसता.

आता मी आवळायचं काम करत नाही, तपासणीत बदली मागून घेतली. तरी तो चक् कुठूनही येतो. दरवाजाची कडी लावताना येतो. रील साफ झालं की तुला चीर दिसेलच, म्हणून आधी मीच लिहून टाकलं. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने लिहू?

तुझा,
खुडबुड्या

२७ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,
अ. उ. आ. वि. वि.

मूर्खा, सात वर्षं हे पोटात घेऊन बसलास? तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या हातात टूथब्रश होता. आधी रडून घेतलं, मग उरलेला चिखल काढला, तुझ्या नियमाप्रमाणे, अजिबात न खरवडता. घाई करून सुरी घातली असती तर पुढचं काहीच दिसलं नसतं.

रीलचा पाय निसटलेला नाही. तो काठीच्या मुठीला अजून घट्ट आहे. काठी मोडली आहे ती मुठीच्या वर. चीर आहे, केसाएवढी, स्क्रूपासून कडेपर्यंत. आणि तिच्यावर दोरा गुंडाळलेला आहे. माझ्या डब्यातला निळा नायलॉनचा दोरा, एकाला एक लागून वेढे, वरून गोंद. वेढे उलटे आहेत, डावखुऱ्या माणसाचे. आपल्या घरात डावखुरे बाबाच होते.

मी तो दोरा आईपुढे धरला. ती म्हणाली, मला माहीत आहे. त्या सकाळी बाबा चहा पिता पिता तो दोरा गुंडाळत होते आणि हसत होते. म्हणाले, पोराचा हात लोखंडाचा झालाय. तिला बजावलं की त्याच्याजवळ यातलं काही काढू नकोस, ओशाळा होईल, संध्याकाळी मीच त्याला बांधायला शिकवतो. आईने तो शब्द पाळला. तिला वाटलं, तुला बाबांशिवाय घर सोसवत नाही म्हणून तू येत नाहीस. मी तिच्यावर ओरडले, जन्मात पहिल्यांदा. ती एवढंच म्हणत राहिली की त्यांनी सांगू नको म्हटलं होतं.

एक राहिलं. आवाज काढणारी ती स्प्रिंग होती ना, ती गंजून पार खाल्ली गेली आहे, नुसता तांबडा भुगा निघाला. ते रील वाजूच शकत नाही. आज चारला ते वाजलं.

आता बहाणे पुरे. वाट बघते.

तुझी,
ताई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी दुपारच्या बसने येतोय. रजा मागितली आणि लगेच मिळाली. आईला सांग, मी तिच्यावर रागावलेलो नाही. दोऱ्याला मी येईपर्यंत कुणी हात लावू नका.

तुझं पत्र खिशातच आहे, घड्यांवर फाटायला आलंय. हलकं वाटायला हवं होतं. पहिला दिवस वाटलंही, दोन वेळा पोटभर जेवलो. पण तुझ्याशी खोटं आता बोलवत नाही. इतकी वर्षं डोळे मिटले की बाबा दिसायचे, निसटलेल्या रीलमागे वाकलेले, एक हात पुढे केलेला. ते का गेले हे मला ठाऊक होतं. कारण मी होतो. काल डोळे मिटले तर ते वाकलेले नव्हते. रील हातात, पाय खडकावर पक्के, पाठमोरे उभे राहून पाण्याकडे बघत होते. मग ते का गेले, ताई? संध्याकाळी मला शिकवणार होते ना?

मी हाका मारल्या. ते वळले नाहीत.

शनिवारी स्टँडवर ये. एकट्याने त्या घरात पाऊल टाकवणार नाही, तुझा हात धरायला दे.

तुझा,
खुडबुड्या