खुर्चीमागची किल्ली

१० मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक उ. आशीर्वाद.

पत्र तुझ्या नावाने आहे, पण शिलाईखात्यात दिवसभर तहान गिळून मशीन चालवणाऱ्या तुम्हा सगळ्याजणींसाठी आहे. तुझ्या रांगेतल्या निम्म्याजणींना लघवीला जळजळ होते आणि सगळ्या गप्प बसतात, असं मेहुणे फोनवर म्हणाले. खड्याने तुझं उजवं मूत्रपिंड कायमचं बंद पाडलं. आता डाव्यातही खडा आहे आणि तू काय केलंस, तर दूध-दही सोडलंस. डॉक्टरांनी ते सोडायला सांगितलंच नव्हतं. जेवणात दूध-दही ठेव, वरून मीठ घेणं थांबव, पाण्यात लिंबू पिळ, आणि लघवी फिकट होईल इतकं पाणी दिवसभर पीत राहा. तांब्या तोंडाला लावला की खाली न ठेवणारी तू. आता तुझी बाटली भरलेलीच घरी परत येते म्हणे. का गं?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सभा गाजवणाऱ्या ताईला कसं सांगू कळेना, म्हणून उशीर झाला. आमच्या संडासाला कुलूप असतं. किल्ली सुपरवायझरच्या खुर्चीमागे खिळ्याला असते. मागायला गेलं की तो मोठ्याने म्हणतो, "पुन्हा?" मग कटाईची माणसं हसतात. म्हणून आम्ही नुसते ओठ ओले करतो आणि घरी गेल्यावर तांब्याभर पाणी एकदम ढोसतो. मला वाटायचं, हिशेब बरोबर झाला. डॉक्टर म्हणाले, असा हिशेब चालत नाही, दिवसभर खडा वाढतच राहतो. डाव्या बाजूचा अडकला तर काय, ते त्यांनी मला नाही, यांना बाहेर नेऊन सांगितलं. हे परत आले तेव्हा डोळे लाल होते.

ताई, कळ आली की मी कापडाचा बोळा दातात धरते. पण खरं सांगू? मरणापेक्षा त्या खुर्चीसमोर उभं राहायची जास्त भीती वाटते. रागावू नकोस. आणि भाषण द्यायला येऊ नकोस.

तुझ्या मायेवर जगणारी,
शेंडेफळ

१९ मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक उ. आशीर्वाद.

रागावले नाही. पत्र वाचून उंबऱ्यातच बसले. आयुष्यभर माईकसमोर ओरडले आणि माझीच बहीण तहानेने संपत चाललीये. काय करू मी त्या टाळ्यांचं?

येत नाही. भाषणही देत नाही. एकच विचारते. एकटी उठते तेव्हा तो "पुन्हा?" म्हणतो. अख्खी रांग उठली तर कोणाला म्हणेल? किल्लीसाठी तीसजणी त्याच्या खुर्चीभोवती उभ्या राहिल्या, तर हसणाऱ्यांना मान खाली घालावी लागेल आणि कुलूप त्यालाच जड होईल. लाज वाटायची ती त्याला वाटू दे. तुम्ही तहानलेल्या आहात, चोर नाही.

लोभ आहेच. तो घ्यायला तू उरायला हवीस, बाळा. माझ्याकडे दुसरी शेंडेफळ नाही.

जेवणाच्या सुट्टीत हे सगळ्यांना वाचून दाखव. वाचून झालं की बाटल्या उघडा आणि त्याच्या खुर्चीसमोर, त्याच्या डोळ्यांदेखत, सगळ्यांनी मिळून पाणी प्या. मग अख्खी रांग किल्ली मागायला उठा, आणि हे रोज, दिवसभर चालू दे.

तुझी,
ताई