बोअरची चावी आणि आम्ही लोक

३ एप्रिल
सकाळीच डोकं फिरलं. मोटार चालू केली, पहिला पाईप कोपऱ्यावरच्या घरात सोडला, तर समोरची शोभा पदर खोचून दारात हजर.
"काकू, चावी तुमच्या कमरेला म्हणून बोअर तुमचा झाला व्हय?"
म्हणलं, बोअर गल्लीचा. स्टार्टरची पेटी माझ्या भिंतीवर, म्हणून चावी माझ्याकडं.
"नंबर तुम्हीच लावायचे, मोटार तुम्हीच चालवायची, भांडण झालं तर निकालबी तुमचाच. मग आम्ही कशाला?"
बटण बंद केलं. म्हणलं, जा, आज कोणालाच नाय.
ह्यांनी पेपरातून डोकं न काढता टोमणा मारला, "पोलीस ॲक्शनमधी निजाम गेला म्हणत होते. हा काय, आमच्याच घरी हाय."
दुपारी चालू केली परत. नळाला पाणी येतं आठवड्यानं, कधी तेबी नाय. बोअर बंद तर गल्ली बंद. कळतं मला. पण जीभ अन् हात, दोन्ही माझे लवकर हालतात.

५ एप्रिल
शोभा अन् तिच्या बाजूची चार घरं वेगळी होणार. दुसरा बोअर घेणार, तिच्या दारात. मशीनवाला जागा बघून गेला. जाताना त्याला गाठलं. म्हणला, एवढ्या जवळ मारला तर खालचं पाणी एकच, दोन्ही एकमेकांचं ओढतील, मे महिन्यात दोन्ही कोरडे.
"मग तिला सांगितलं का?"
"सांगितलं ना. त्या म्हणल्या, कोरडा असला तरी आमचा असंल."
काय म्हणावं ह्या बाईला.

६ एप्रिल
वैशालीची परीक्षा हाय. सून आमची, बीए करती, घरी बसून. (इथून पुढं वै. लिहिते, हात दुखतो.) पोरगा शेंद्र्याला कंपनीत, हिला कोणी ऐकायला नाय. नुसती ओठ हालवती. मला ते बघवत नाय. म्हणलं, पाठ करायचं तर मोठ्यानं कर, माझ्याबी कानावर पडू दे.
अमेरिकेचं निघालं. त्यांच्यावर इंग्लंडचा राजा होता. न विचारता कर लावायचा. मग त्यांनी कागद लिहिला, आम्ही आजपासून वेगळे. सगळी माणसं सारखी जन्मतात. जीव, मोकळीक अन् सुखाच्या मागं जायचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाय. सरकारला जोर येतो तो लोकांच्या होकारानं. होकार संपला तर लोकांनी सरकार बदलावं.
म्हणलं, "बायका?"
"त्यांना मत लई वर्षांनी, आत्या."
असंच असणार.
पुढं राजाच्या तक्रारी होत्या, लांबलचक. लोकांच्या सभा बंद पाडल्या. न्यायाधीश स्वतःच्या मुठीत ठेवले. मनाला येईल तसं... अन् वै. थांबली.
"का थांबली?"
"भाकरी करपतीय."
तव्यावर भाकरी नव्हतीच.

७ एप्रिल
झोप नाय लागली नीट. मी काय राजा हाय का. पहाटे पाचला उठून मोटार मी चालू करते, फ्यूज गेला तर मी पळते. राजा पळतो का?
पण होकार कोणाचा घेतला, हे काय आठवंना.

९ एप्रिल
आज अमेरिकेची राज्यघटना. वै. म्हणली, पहिलेच शब्द "आम्ही लोक". आपलीबी तशीच सुरू होती म्हणे, आम्ही भारताचे लोक. राजाला हाकलल्यावर त्यांना भ्या पडलं की नवा राजा आपल्यातूनच निघंल. म्हणून सत्तेचे तीन वाटे केले. एकानं कायदे करायचे, दुसऱ्यानं चालवायचे, तिसऱ्यानं न्याय करायचा. प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या मनगटावर.
"एकमेकांवर भरोसा नव्हता व्हय?"
"भरोसा होता आत्या. पण सत्तेवर नव्हता."
लई वेळ तांदूळ निवडत बसले. तिन्ही वाटे माझ्या कमरेला.
संध्याकाळी बायकांना बोलावलं. सांगून टाकलं, नंबर सगळ्यांनी मिळून ठरवा, हात वर करून. मोटार मी चालवते. न्यायाला दुसरं कोणी बसवा. हसल्या आधी. शोभा नाय हसली, पण आली होती. न्यायाला सगळ्यांनी वै.चं नाव घेतलं, शिकलेली म्हणून. मला लई बरं वाटलं. घरचीच पोरगी.
नंबर ठरले. घरमालकांना पुरा, मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंना अर्धा. सगळे हात वर. भाडेकरूंना बोलावलंच नव्हतं.

१२ एप्रिल
देवगाव रंगारीहून बहीण आली, पोरासोरांसकट. टाकी रिकामी. मी नंबर सोडून मोटार लावली, आधी माझ्या घरात पाणी घेतलं. शोभा सरळ वै.कडं. "द्या न्याय, न्यायाधीशबाई."
वै. लाल झाली. "बसा ना काकी, चहा ठेवते."
शोभा म्हणली, "चहा नको. पण तुझीबी चूक नाय बाई. सासूच्या चुलीवर खाऊन सासूवर निकाल कोणती सून देईल? काकूंनी तीन वाटे केले अन् तिन्ही आपल्याच घरात ठेवले."
गेली. मशीनवाल्याला परवा इसाराचे पैसे देणार म्हणे.
वै. मोरीत जाऊन रडली. सगळ्या गल्लीत हे एकाही बाईच्या डोक्यात आलं नाय, माझ्याबी नाय. सुनेला न्यायाला बसवलं अन् ती सून हाय हेच विसरलो.
म्हणलं, "तुझ्या अमेरिकेत काय करतात?"
नाक पुसत म्हणली, "तिथं मोठ्या न्यायाधीशाला जन्मभर खुर्ची. निकाल आवडला नाय म्हणून काढता येत नाय, पगार कमी करता येत नाय."
"म्हणजे तुझी भाकरी मला कमी करता येणार नाय."
हसली मग. मीबी.

१३ एप्रिल
आज भलतंच वाचलं. सगळी माणसं सारखी म्हणणाऱ्यांनीच गुलाम ठेवले होते. मोजायची वेळ आली तवा पाच गुलामांची तीन माणसं धरली. घटनेत लिहून.
म्हणलं, लाज नाय वाटली?
वै. म्हणली, "आपण अर्धा नंबर लिहिला ना."
तिला म्हणलं, गप. अन् पुस्तक मीच मिटलं.

१४ एप्रिल
इसार द्यायच्या आधी शोभाला हाताला धरून आणलं. बाकीच्याबी जमल्या. म्हणलं, न्यायाधीश बदलू, तूच सांग कोण.
ती विचार न करता म्हणली, "शमीमभाभी. ती कोणाच्याच चुलीवर खात नाय."
शमीमभाभी मागच्या खोलीत भाड्यानं राहती, शिलाई करती. तिला बोलावलं. ती मशीनवरून उठून आली, गळ्यात टेप तसाच. सगळं ऐकलं अन् म्हणली, "आधा पानी लेके पूरा इन्साफ कैसे करना, काकू?"

एक-दोघी कुरकुरल्या, बोअरला त्यांनी काय दिलं होतं म्हणून. मी म्हणलं, तहान पुरी लागती ना त्यांना? हात वर करा. मी आधी केला. शोभानं केला. हळूहळू सगळे वर गेले, ह्या बारीला मागच्या खोल्यांतलेबी. वै. म्हणली, ही आपली पहिली दुरुस्ती. त्यांच्या घटनेतबी अशा दुरुस्त्या हायत. पहिलीत बोलायचा हक्क, सरकारविरुद्ध बोललं तरी. तो तर ह्या गल्लीत सगळ्यांना आधीपासूनच हाय.
भाभीनं पहिला निकाल माझ्यावर दिला. आठवडाभर माझा नंबर शेवटी. वर आणिक म्हणली, चावी दर महिन्याला फिरू दे, जिच्या नावाला जास्त हात तिच्याकडं.
ह्या महिन्याला शोभाकडं गेली. मीच कमरेची काढून दिली. तिनं लगेच पदराच्या गाठीत बांधली, तोंड मात्र तसंच.

१५ एप्रिल
पाचला जाग आली. उठायचं कारण नव्हतं. परत झोपले. किती वर्षांनी, देवाला ठाऊक. फ्यूज गेला होता म्हणे, शोभा पळाली. मी चहा पीत ऐकलं. लई हलकं वाटतंय. हे म्हणले, गादी सोडलेला निजाम खुशीत दिसतो.
वै.चा पेपर चांगला गेला. तीन वाट्यांवरच प्रश्न आला.

१७ एप्रिल
मशीनवाल्याला शोभानं अजून नको म्हणलं नाय. विचारलं तर म्हणती, महिना जाऊ द्या, बघू. बघू दे.
आजबी माझा नंबर शेवटी. माझा ड्रम अर्धा झाला अन् पाईपातून हवा यायला लागली, पाणी थुंकल्यासारखं. बोअर दमला. मोटार तशीच चालू ठेवली तर जळंल, बंद केली तर माझ्याकडं उद्यापर्यंत अर्धाच ड्रम.
शोभा बटणावर हात ठेवून माझ्याकडं बघायला लागली. "काकू, बंद करू का?"
हुकूम तोंडावर आला होता. गिळला.
"मला काय विचारती? सगळ्या उभ्या हायत, त्यांना विचार."
ती वळली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, शमीमभाभी शिलाई सोडून दारात आली, अन् मोटार घरघरतच होती.